फाडणाऱ्याच्या हाताची वीत

९ मार्च, सोमवार

चि. भिंगरीस,

अप्पांचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक कानपिचकी. तिचे कारण शेवटी.

आज सकाळी दात घासत होतो आणि शेजारच्या बाईंनी फडकी करायला जुनी चादर फाडली. भिंतीपलीकडून आवाज आला. आधी कात्रीची एक चुटकी, मग श्वासभर काहीच नाही, आणि मग लांबलचक चर्रर्र. मी ब्रश तोंडात धरून तसाच उभा राहिलो आणि थेट आमच्या जुन्या दुकानात जाऊन पोचलो. खळीचा वास, वरच्या फळीवरून टेबलावर धप्पकन उतरणारा तागा, आणि तो आवाज. आम्ही सहा विक्रेते होतो आणि सहा जणांचे सहा आवाज होते. डोळे मिटून सांगता यायचे की आत्ता कोणाच्या हातात कापड आहे. माझा आवाज मध्येच एकदा अडखळायचा. रेघोबाचा कधीच नाही. तुझ्या आईने दारातून विचारले की नळ कोणासाठी सोडून ठेवलाय, तेव्हा घरी परतलो.

रेघोबा तुला माहीत आहे. लहानपणी त्याच्या गोष्टी ऐकल्याशिवाय तू जेवत नसायचीस. माझ्या शेजारच्या टेबलाचा विक्रेता. त्याने फाडलेली कड पट्टीने ओढलेल्या रेघेसारखी, म्हणून रेघोबा. खरे नाव हजेरीच्या वहीत तेवढे. पंजा असा की अख्खा तागा एका हाताने फळीवरून उतरवायचा. पुढे तो मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गेला. असो.

आणि तो रिवाज आठवतो का? ताग्याच्या शेवटी वीतभर किंवा त्याहून कमी तुकडा उरला, तर तो फाडणाऱ्याचा. तुझ्या बाबाची लहानपणची उशी अशा बावीस तुकड्यांची होती. आता तू त्याच धंद्यात शिरलीस म्हटल्यावर मला राहवले नाही, दोन ओळी जुळवल्या आहेत:

मोजून द्यावे, फाडून द्यावे,
वर बोटभर सोडून द्यावे.

शाळेत गुरुजी डस्टरने टेबलावर ठेका धरून कविता म्हणून घ्यायचे. त्या ठेक्यावर म्हणून पाहा, बसते. गिऱ्हाइकाला खुणेच्या पुढे बोटभर द्यायचे, हे विसरू नकोस.

आता कानपिचकी. महिना झाला, तुझे पत्र नाही. फोनवर मला अर्धेच ऐकू येते आणि उरलेले अर्धे मी मनाने भरतो, हे तुझेच म्हणणे. तेव्हा लिही. टेबल कसे आहे, माझी नेलेली कात्री कशी चालते, पडद्याचे कापड फाडतेस की कापतेस, सगळे लिही.

लोभ आहेच, तो खुणेच्या पुढे बोटभर असावा.

तुझे अप्पा

१४ मार्च, शनिवार

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

कात्री कशी चालते म्हणून विचारलंत. कात्री कपाटात आहे. टेबलही आहे, त्यावर हल्ली पाण्याच्या बाटल्यांचे खोके ठेवतात.

मुलाखतीत त्यांनी माझ्याकडून कापड फाडून घेतलं होतं, आठवतं? सरळ कड बघायला समोरचे तिघंही साहेब खुर्चीतून उठले होते आणि मी रस्ताभर उड्या मारत खोलीवर आले होते. पहिले पंधरा दिवस मी खरंच पडद्याचं कापड मोजलं. मग गाडी उतरवणारी माणसं कमी केली, तर गाडी मी उतरवली. मग सफाईच्या बाई कमी केल्या. आता मंगळवार-शुक्रवार स्वच्छतागृहं माझ्याकडे. गेल्या आठवड्यात सेल होता, तर मला उशी केलं. चेष्टा नाही करत. माणसाएवढी स्पंजाची उशी, तोंडापुरतं भोक, आणि दारात उभं राहून लोकांना हात हलवायचा. हात उशीच्या आत होते. मी नेमकं काय हलवायचं होतं ते त्यांनाच ठाऊक. एका चिमुरडीने माझ्या पोटावर डोकं टेकलं आणि आईला सांगितलं की ही उशी रडतेय. रडत नव्हते, घाम होता. रडले घरी येऊन.

आमच्या मजल्याच्या मॅनेजरना आम्ही कृपयासाहेब म्हणतो, कारण त्यांची प्रत्येक सूचना कृपयाने सुरू होते. कृपया गाडी उतरवावी. कृपया उशी व्हावे. मी विचारलं की मला कापडासाठी घेतलंय ना, तर त्यांनी माझं नेमणूकपत्र काढलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘व वेळोवेळी नेमून दिलेली इतर कामे.’ त्या ‘इतर’मध्ये अख्खी इमारत मावते, अप्पा. आणि सही करायच्या आधी मी ते पत्र तुम्हाला वाचायला दिलं होतं. तुम्ही मोठ्याने वाचलंत आणि म्हणालात की भाषा किती नेटकी आहे, एक चूक नाही.

परवापासून आणखी एक. संध्याकाळी सुटताना सगळ्या कामगारांच्या पिशव्या मी तपासायच्या. मीच का, तर म्हणे माझा चेहरा प्रामाणिक आहे. ओळीत पहिल्या टाकेमावशी होत्या. मागच्या खोलीत मशिनवर पडद्यांच्या कडा दुमडतात, वीस वर्षं झाली त्यांना. मी त्यांच्या पिशवीत हात घातला. आत रिकामा डबा होता. रिकामा, कारण त्यातलं अर्धं दुपारी मी खाल्लं होतं.

तुमच्या दोन ओळी म्हणून बघितल्या. बसतात. पण माझ्या हातात कापड मोजायचा गज नाही, फिनेलची बाटली आहे.

आईला यातलं काही कळू देऊ नका. लोभ असू द्या, मला सध्या लागतोय.

तुमची भिंगरी

१९ मार्च, गुरुवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचले. उशीचे वाचून हसू आले, मग हसल्याबद्दल वाईट वाटले, मग पुन्हा हसू आले. म्हाताऱ्याला माफ कर.

बाळ, तू तरुण आहेस, रक्त तापते. पण कोणतेही काम हलके नसते. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिले वर्षभर दुकान झाडले, मालकांच्या खुर्चीची गादी उन्हात घातली. आमच्या गुरुजींनी श्रमाच्या कविता पाठ करून घेतल्या होत्या, त्या झाडताना म्हणायचो. झाडूच्या फटकाऱ्याला सुंदर लय असते. एकदा तर मी ओळ संपेपर्यंत झाडत राहिलो आणि कचरा पुन्हा आत लोटला.

आणि पिशव्या तपासण्याचे तू इतके मनाला लावून घेऊ नयेस. तसे काम ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. मालकांनी मलाही एकदा ते दिले होते. मला तर बढती झाल्यासारखे वाटले होते. त्या दिवशी आरशात पाहून भांग पाडल्याचे आठवते.

नेमणूकपत्राबद्दल म्हणतेस ते खरे. ‘इतर’ हा शब्द मी वाचला होता. वाक्य तिथे छान विसावते, असे वाटले होते.

थोडे दिवस सोसून घे. माणसे ओळखीची झाली की आपोआप मऊ होतात. इकडे गॅलरीतल्या कुंडीत कसलेसे रोप उगवले आहे, तुझी आई गवत म्हणते, मी थांबून पाहू म्हणतो.

लोभ नेहमीचाच, मोजून न दिलेला.

तुझे अप्पा

२३ मार्च, सोमवार

अप्पा,

नमस्कार पोचला असं समजा.

तुम्ही झाडलंत, ते कोणी बघितलं? सकाळी दुकान उघडायच्या आधी सहाही जण मिळून झाडायचात, ही गोष्ट तुम्हीच मला शंभरदा सांगितली आहे. मालकही पायरी पुसायचे म्हणे. तुमच्या दुकानातून सफाईवाली काढून तिचं काम तुमच्या डोक्यावर टाकलं नव्हतं. तुम्हाला लय सापडली. मला तुंबलेला पाइप सापडतो. मी काम हलकं आहे म्हणून चिडलेले नाही. ज्या बाईंचं ते काम होतं त्या घरी बसल्यात आणि माझं काम बाटल्यांच्या खोक्यांखाली गाडलंय, म्हणून चिडलेय. आणि तुम्ही मला थांबून पाहा म्हणता. मी कुंडीतलं रोप नाही.

आता ऐका काय झालं ते. शनिवारी टाकेमावशींच्या पिशवीत पडद्याच्या कापडाचा तुकडा निघाला. गिऱ्हाइकाच्या खिडकीला पडदा लांब होतो, तो खालून आखूड करतात, तेव्हा वीतभर पट्टी उरते. रोज अशा दहा-बारा पट्ट्या कचऱ्याच्या पेटीत जातात. मावशींनी एक घेतली, गॅलरीतल्या वेलाला बांधायला. मी बघितली आणि पिशवी बंद केली. पण कृपयासाहेब माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ती बाहेर काढली, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली, आणि सांगितलं की ही कंपनीची मालमत्ता आहे. मावशींनी सांगितलं की साहेब, ती पेटीत चालली होती. त्यावर ते म्हणाले की कृपया वाद घालू नये.

मावशी मग मान खाली घालून चपलांकडे बघत राहिल्या. साठीची बाई, अप्पा.

अजून सांगते. या प्रकाराचा अहवाल मी लिहायचा आहे. सापडलेली वस्तू, सापडण्याची जागा, तपासणाऱ्याची सही. मी सही केली की मावशी घरी. नाही केली तर मी घरी. बुधवारपर्यंत, पहिल्या तारखेपर्यंत, मुदत दिली आहे. कामावर त्या रोज येतात आणि रोज डबा माझ्यापुढे सरकवतात. मी तो परत सरकवते.

तुम्हाला बढती वाटली होती, तर एवढं सांगा. तुम्हाला कोणाच्या पिशवीत काही सापडलं होतं का? आणि मग तुम्ही काय केलंत? मला कविता नको, उत्तर पाठवा.

भिंगरी

२७ मार्च, शुक्रवार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद देण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे पत्राच्या शेवटी तू ठरव.

तू विचारलेस आणि मी चार दिवस कागदाभोवती घिरट्या घातल्या. तुझी आई विचारत होती की बरे नाही का. आता सरळ लिहितो.

सापडले होते. रेघोबाच्या पिशवीत.

रेघोबा मोठ्या शहरात गेला नाही. ती गोष्ट मी रचली. तुझ्या बाबासाठी रचली, मग तुझ्यासाठी पुन्हा सांगितली, आणि सांगून सांगून मलाच खरी वाटू लागली. मोठ्या दुकानातली त्याची गोल खिडकी, काचेचा जिना, सगळे मी घडवले. तू जेवायचीस, मला बरे वाटायचे.

झाले ते असे. नवे मालक, म्हणजे जुन्यांचे चिरंजीव, गादीवर आले आणि त्यांना वाटू लागले की कापड जाते आहे. त्यांनी मला बोलावले, चहा दिला, म्हणाले की तुमच्यावर विश्वास आहे, सुटताना सर्वांच्या पिशव्या तुम्ही पाहा. मी विक्रेता होतो. मला चौकीदार म्हणून कोणी ठेवले नव्हते. पण चहा त्यांच्या कपातला होता, आणि मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी रेघोबाच्या पिशवीत निळ्या पॉपलीनचा तुकडा निघाला. मालक म्हणाले, मोजा. मी गज लावला. सव्वादहा इंच. मालक म्हणाले की वीत नऊ इंचांची, म्हणजे हा तुकडा दुकानाचा.

आता नीट वाच. रिवाजात इंच नव्हते. वीत धरायची ती फाडणाऱ्याच्या हाताची. जुन्या मालकांनी स्वतः ठरवून दिले होते, आम्हा सहा जणांना माहीत होते, चिरंजीवांना माहीत नव्हते. रेघोबाची वीत साडेदहा इंच भरायची. तो तुकडा त्याचाच होता, वर पाव इंच दुकानाला सोडलेला. त्याने उजवा पंजा वर केला, बोटे फाकवली आणि माझ्याकडे पाहिले. मी एक वाक्य बोलायचे होते. वीत फाडणाऱ्याच्या हाताची धरतात, एवढेच. चार शब्दांचे वाक्य. मी, ज्याला शाळेतल्या चाळीस कविता तोंडपाठ, त्याला ते फुटले नाही. मी गजाकडे पाहत म्हणालो, सव्वादहा.

तो तसाच उठून गेला. चपला हातात घेऊन. दुसऱ्या दिवसापासून दुकानात पाच आवाज होते.

एकेचाळीस वर्षे झाली. मी दुकानाचे, आवाजाचे, वासाचे गोडवे गातो, ते ही जागा झाकायला गातो, हे मला परवा कळले. तू काय करावेस हे मी सांगणार नाही. मागच्या पत्रात सांगितले ते फाडून टाक.

अप्पा

१ एप्रिल, बुधवार

अप्पा,

फाडलं. सरळ फाटलं, तुम्हीच शिकवल्यासारखं.

तुमचं पत्र सोमवारी आलं. मी ते मागच्या खोलीत ताग्यांच्या आडोशाला वाचलं आणि मला इतका राग आला की समोरच्या खोक्याला लाथ मारली. पाय सुजलाय. माझ्या लहानपणीचा अर्धा वरणभात त्या गोल खिडकीच्या आधाराने पोटात गेलाय. मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे की आमच्या ओळखीचे एक रेघोबा आहेत, काचेच्या जिन्यावरून तागे घेऊन उतरतात. आणि तो माणूस चपला हातात घेऊन गेला होता.

मला तुमच्यावर जास्त राग यायला हवा होता. पण वाचता वाचता तो वाटेत फुटला आणि अर्धा त्या कपातल्या चहावर गेला. आमचे कृपयासाहेब कॉफी देतात. मलाही दिली होती, पिशव्यांचं काम सांगताना. मी प्यायले होते, अप्पा. चांगली होती.

आज सकाळी अहवाल दिला. सापडलेली वस्तू: टाकाऊ पट्टी. सापडण्याची जागा: जिथे असायला हवी तिथे. तपासणाऱ्याची सही या चौकटीत मी लिहिलं की तपासणं हे माझं काम नाही, मी कापड विकायला आले आहे, यापुढे कोणाच्याही पिशवीत हात घालणार नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं. अक्षर तुमच्यासारखं आलं, त्याचाही राग आला.

कृपयासाहेबांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदाच कृपया न म्हणता बोलले. पुढच्या गुरुवारी, नऊ तारखेला, सकाळी दहाला वरचे साहेब येणार आहेत. मावशींचा आणि माझा निकाल एकदमच. मी सांगितलं की उरलेला तुकडा काम करणाऱ्याचा, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. ते हसले. म्हणाले की रिवाज असेल तर या धंद्यातलं एखादं जुनं माणूस उभं करून दाखवा, कथा नकोत.

मला माहीत आहे आता तुमच्या मनात काय आलं. काठी कुठे, बस किती वाजता. येऊ नका. ते वाक्य बोलायची तुमची वेळ होती, आणि ते माझ्यासमोर नाही, दुसऱ्या कोणासमोर बोलायचं होतं. माझ्याकडे येऊन ते फेडता येणार नाही.

लोभाचं नंतर बघू.

भिंगरी

५ एप्रिल, रविवार

चि. भिंगरीस,

तू म्हणालीस येऊ नका, म्हणून आलो नाही. जिथे जायला हवे होते तिथे काल जाऊन आलो.

रेघोबा कुठे राहतो हे मला नेहमीच माहीत होते. आपल्याच गावात, पुलापलीकडे, गिरणीच्या मागच्या गल्लीत. एकेचाळीस वर्षे मी पुलाच्या अलीकडूनच भाजी घेत आलो. तुझी आई विचारायची की पलीकडे स्वस्त मिळते ना, मी म्हणायचो पूल चढवत नाही. काल चढवला. ती सोबत होती. वाटेत तिला सगळे सांगितले, तुझेही. रागावू नकोस. ती एवढेच म्हणाली की पोरीला उशी केले तेव्हाच मला का सांगितले नाही, मी जाऊन त्या माणसाला चादरीत गुंडाळले असते.

दार त्याच्या मुलीने उघडले. नाव सांगितले. ती आत गेली, बाहेर आली, म्हणाली की बाबा झोपलेत. मी म्हणालो बरे. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. झोपलेला माणूस खुर्ची सरकवत नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो आणि आत तो असणार, सहा पावलांवर. चाळीस कवितांतली एकही ओळ आठवली नाही, हे बरेच झाले.

मग मी ते वाक्य मोठ्याने म्हणालो. बंद खोलीच्या दिशेने. वीत फाडणाऱ्याच्या हाताची धरतात. शेजारच्या दोन बायका खिडकीत आल्या. मी पुन्हा म्हणालो, त्यांनाही ऐकू जावे म्हणून.

दुकान बंद झाले तेव्हा मी तो लाकडी गज घरी आणला होता, पितळी टोप्यांचा, तोच ज्याने मी सव्वादहा मोजले. तो त्याच्या दाराशी ठेवला. सोबत एक चिठ्ठी. तुझे दुकान, टाकेमावशी, वीतभर पट्टी, गुरुवार, दहा वाजता, सगळे लिहिले. काही मागितले नाही. त्याने का यावे? माझ्या नातीसाठी त्याने चार तास बसमध्ये हाडे खिळखिळी करून घ्यावीत, असे माझे त्याच्यावर काय उपकार?

तुझा पाय कसा आहे ते कळव. कुंडीतले ते रोप गवतच निघाले.

लोभ ठेव म्हणत नाही. उरला असेल तेवढा राहू दे.

अप्पा

९ एप्रिल, गुरुवार, सकाळी साडेनऊ

ती. अप्पांना नमस्कार.

हे पिशवी-तपासणीच्या फॉर्मांच्या मागच्या बाजूला लिहितेय, दाराजवळच्या टेबलावर. सुनावणी दहाला आहे, तोवर हातपाय मोकळे कशाला म्हणून कृपयासाहेबांनी मला दारावर बसवलं. आता म्हणे गिऱ्हाइकांच्याही पिशव्या बघायच्या. मी बसलेय, पण बघत नाही. आत येणाऱ्याला नमस्कार करते आणि जाऊ देते. ते वरून काचेतून पाहताहेत. पाहू देत. सुजलेला पाय खुर्चीवर ठेवलाय, तेही पाहू देत.

टाकेमावशी शेजारी बसल्यात, ठेवणीतलं लुगडं नेसून. मघाशी म्हणाल्या की तू नाद सोड, सही कर, माझं वय झालंय. मी त्यांच्यावरही ओरडले. मग दोघींनी त्यांच्या डब्यातलं खाल्लं, सकाळी साडेनऊला, सगळ्यांच्या देखत. ती पट्टी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, वर चिठ्ठी लावून, समोर ठेवलीय. फिकट हिरवी आहे. एवढीशी पट्टी, आणि तिच्यासाठी साहेब गाडी करून आलेत.

तुमचं पत्र काल आलं. पुलापर्यंत वाचलं आणि मिटून ठेवलं, पुढचं आज सकाळी वाचलं. तुम्ही शेजारच्या बायकांनाही ऐकवलंत हे आवडलं. आईला सांगा, चादर तयार ठेव.

अजून राग आहे. पण तो आता तुमच्यावर एकट्यावर नाही, वाटून दिलाय. तुमच्या वाट्याला वीतभर आला असेल, माझ्या हाताच्या. आत गेल्यावर मी एकटीच सांगेन, जुनं माणूस नसलं तरी. निदान आवाज अडखळणार नाही असं

थांबा. कोणीतरी आलंय.

अप्पा, पुन्हा लिहितेय, घाईत आहे, अक्षर सांभाळून घ्या. दार ढकलून एक म्हातारे गृहस्थ आत आले. इतके उंच की दाराच्या चौकटीखालून वाकून आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांब काहीतरी. मी नमस्कार केला तर त्यांनी न विचारता आपली पिशवी टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, परतीचं तिकीट. मी सांगितलं की आजोबा, मी पिशव्या तपासत नाही. ते म्हणाले की ऐकलंय, म्हणूनच आलो. मग विचारलं की पट्टी कुठली ती. मावशींनी बोट दाखवलं. त्यांनी पाकीट उचललं, कड उजेडात धरून बघितली, आणि मावशींना म्हणाले की हात सरळ आहे तुमचा.

गज त्यांनी गुंडाळलेलाच भिंतीला टेकवून ठेवला. म्हणाले की तो इथे लागणार नाही. आणि उजवा पंजा टेबलावर ठेवून बोटं फाकवली. मी हा कागद उलटून त्या पंजाखाली सरकवला. मी पेन घेतलं आणि अंगठ्याच्या टोकाशी एक, करंगळीच्या टोकाशी एक, अशा दोन खुणा केल्या. या पानाच्या उलट्या बाजूला आहेत, जिथे तपासणाऱ्याची सही करायची असते. ते तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

वरून हाक आली. आम्ही तिघं जातोय.

खुणा पाठवतेय. मोजू नका.

भिंगरी